टाकीतली जोड तोलामोलाची पाहिजे

गेल्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, "ऑस्करबरोबर दुसरं काही ठेवायच्या भानगडीत पडू नका," (ऑस्कर म्हणजे टाकीत पाळतात तो दक्षिण अमेरिकेतला मोठा मासा) आणि त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं सगळं सदर मोठ्या आणि मांसाहारी माशांच्या सोबत्यांवरच काढलंय. ते वाक्य थोडं मागं घेतो. थोडंच.

प्रश्न: सर, माझी तीन फुटी टाकी आहे, 3 बाय सव्वा बाय दीड. आठ महिन्यांपूर्वी दोन ऑस्कर आणले, एक टायगर एक अल्बिनो, तेव्हा दोन-दोन इंचाचे होते. त्यांच्याबरोबर सहा टायगर बार्ब, दोन एंजल, एक शार्क आणि एक टँक क्लीनर टाकला. आता ऑस्कर आठ इंचाचे झालेत, बार्ब एकच उरलाय आणि एक एंजल परवा सकाळी टाकीत नव्हताच, खाली पडलेला पण सापडला नाही. दुकानदार म्हणतो ऑस्कर शांत मासा आहे, खायला कमी पडत असेल. मी तर दिवसातनं तीनदा घालतोय. नक्की कुणाला ठेवू त्यांच्याबरोबर? — राजारामपुरी

उत्तर: भावा, एंजल सापडणार नाही. तो ऑस्करनं खाल्ला.

आणि गंमत म्हणजे दुकानदार अगदीच खोटं बोलत नाही, ऑस्कर तसा शांतच असतो. त्यानं एंजलवर राग काढला नाही, त्याच्या लेखी ती मारामारी नव्हतीच, समोरनं नाष्टा चालला होता तो त्यानं केला. इथंच बहुतेकांचा घोळ होतो. भांडण वेगळं आणि भूक वेगळी. म्हणून कुठलाही सोबती निवडताना मी दोन प्रश्न विचारतो: हा त्याच्या तोंडात मावतो का, आणि हा त्याच्या डोक्यात जातो का. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर दुसरा विचारायची गरजच नाही.

तोंडाचं आधी बघू. ऑस्कर चावून खात नाही, तोंड फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि ते तोंड बंद असताना दिसतं त्याच्यापेक्षा बरंच मोठं उघडतं. कधी जांभई देताना समोरनं बघा, कळेल. त्यामुळं माशाची लांबी बघून फसू नका. बारीक लांबडा मासा चार इंचाचा असला तरी सुतासारखा आत जातो, आणि तेवढ्याच लांबीचा ताटलीसारखा उभा, चपटा मासा गळ्यात अडकतो म्हणून ऑस्कर त्याच्या नादाला लागत नाही. सिल्व्हर डॉलर ऑस्करबरोबर जमतात ते याच्यामुळं. सहा इंचापर्यंत वाढतात, अंगानं रुंद, पळायला चपळ आणि पाला खाणारे, म्हणजे जेवणावरनं पण वाद नाही. पण एकटा-दुकटा आणू नका, पाच-सहा जणांचा घोळका लागतो, एकटा सिल्व्हर डॉलर कोपऱ्यात थरथरत बसतो. एंजल पण उभाच असतो म्हणाल, पण तुमचा आणला तेव्हा लहान होता आणि ऑस्कर महिन्याला जवळजवळ इंचभर वाढत होता. दुकानात सगळे दोन इंचाचे असतात आणि सगळेच एकमेकांचे मित्र असतात, आपण त्या दिवशीचं माप बघून जोड्या लावतो आणि सहा महिन्यांनी मासे मोजत बसतो. माप बघायचं ते पूर्ण वाढीचं. ऑस्करचं ते बारा इंचाच्या आसपास जातं.

आता डोकं. खासबागेच्या कुस्ती मैदानात जोड लावताना वजन बघतात, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. टाकीतही तेच, तोलामोलाचा गडी पाहिजे. फरक एवढाच की तिथं जोड लावतात ती कुस्ती व्हावी म्हणून, आणि इथं लावायची ती कुणाला कुस्ती काढायची इच्छाच होऊ नये म्हणून. लई नरम दिला तर मार खातो, लई आडदांड दिला तर ऑस्करच मार खातो. सेव्हरम हा माझ्या मते ऑस्करचा सगळ्यात चांगला शेजारी, तोही दक्षिण अमेरिकेतलाच, आठ इंचापर्यंत जाणारा, अंगानं भरलेला आणि उगाच कुणाच्या वाटेला न जाणारा. जिओफॅगस पण चालतो, तो खाली वाळू चाळत बसतो आणि ऑस्कर मधे फिरतो, दोघांचे रस्ते वेगळे. पॅरट फिश पुष्कळ जण ठेवतात, पण तो संकरातनं तयार केलेला मासा, त्याचं तोंड नीट मिटत नाही, त्यामुळं भांडण लागलं तर त्याला धड चावताही येत नाही. ऑस्कर स्वभावानं गरीब निघाला तरच.

टायगर बार्ब हा उलटा प्रकार. लहान होता तेव्हा तोच ऑस्करच्या शेपट्या कुरतडत असणार, आठवून बघा. उरलाय त्याला काढा. तुमचा 'शार्क' म्हणजे पंगस, बाजारात बासा म्हणून ज्याचे तुकडे मिळतात त्याच जातीतला, तो तीन फुटाच्या पुढं जातो आणि घाबरला की काचेवर तोंड आपटून घेतो. तीन फुटी टाकीत तीन फुटी मासा, हिशोब तुम्हीच करा. दुकानात परत घेत असतील तर आजच द्या.

आणि टँक क्लीनर. याच्यावर माझा जुना राग आहे. पहिल्यांदा ऑस्कर पाळला तेव्हा मीही शेवाळ खाईल म्हणून तीन इंचाचा सकर, म्हणजे हाच टँक क्लीनर, आणून सोडला. रात्री ऑस्करनं त्याला तोंडात घेतला, सकरनं पाठीवरचा आणि बाजूचे काटे ताठ केले आणि ते आतच अडकले. सकाळी दोघं तसेच तरंगत होते. काटेवाल्या कॅटफिशचं हे नेहमीचं आहे, गिळतानाही त्रास आणि काढतानाही. सकर ठेवायचाच असेल तर ऑस्करच्या निम्म्याहून मोठा ठेवा. आणि तो टाकी साफ करतो हे विसरा, शेवाळापेक्षा जास्त घाण त्याची स्वतःचीच असते. पोट भरलं नाही तर रात्री चपट्या माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर चाटत बसतो, ते वेगळंच.

एवढं सगळं सांगितलं, पण तुमच्या टाकीसाठी उत्तर: कुणीच नको. 3 बाय सव्वा बाय दीड म्हणजे काठोकाठ भरली तर दीडशे लिटरच्या आसपास, ती एका मोठ्या ऑस्करलाही कमी. दोन ऑस्करसाठी 4 बाय दीड बाय 2 धरा, म्हणजे 340 लिटर, आणि सिल्व्हर डॉलरचा घोळका पाहिजे तर सहा फुटी. घेण्याआधी जागा बघा, 340 लिटर म्हणजे नुसतं पाणीच 340 किलो, वर काच, स्टँड, वाळू. जुन्या घराच्या लाकडी माडीवर ठेवणार असाल तर मला न सांगता ठेवू नका.

तोपर्यंत खाणं तीन वेळचं एक वेळ करा. जास्त घातल्यानं तो सोबत्याला सोडत नाही, फक्त पाण्यात अमोनिया वाढतो, आणि खराब पाण्यात गरीब मासा पण चिडका होतो. दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला, नळाचं असेल तर क्लोरीन मारायला हायपो किंवा अँटीक्लोरीन टाकून. धरणातनं थेट पाईपलाईनचं पाणी आलं म्हणून क्लोरीन नसतं असं समजणारे दोघं-तिघं मला भेटलेत, म्हणून लिहिलं.

प्रश्न: फ्लॉवरहॉर्नबरोबर कोणता मासा ठेवता येईल? — गडहिंग्लज

उत्तर: आरसा. तोही पाच मिनिटं, दिवसातनं एकदा, त्याला फुरफुरायला. बाकी कुणीही नाही. 1990 च्या दशकात मलेशियात वेगवेगळे सिक्लिड (ऑस्कर, सेव्हरम ज्या कुळातले ते मासे) एकमेकांत मिसळून हा मासा तयार केला, डोक्यावरचं टेंगूळ आणि अंगातली रग दोन्ही त्यातनंच आलं. मधे काचेचं पार्टिशन टाकून ठेवणारे आहेत, पण पलीकडचा दिसत राहिला की हा दिवसभर काचेवर धडका मारतो, बघवत नाही.

प्रश्न: काका नमस्कार, माझ्या मुलानं (सातवीत आहे) वाढदिवसाला पिराना मागितला म्हणून त्याच्या पप्पांनी चार आणले. लाल पोटाचे आहेत. घरात धाकटी तीन वर्षांची आहे, ती टाकीत हात घालते. शिवाय टाकीत आधीचे गोल्डफिश आहेत, त्यांना काही करतील का? मला तर झोपच लागत नाही. — इचलकरंजी

उत्तर: ताई, झोपा निवांत. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरनं आणि पाठवलेल्या फोटोवरनं ते पिराना नाहीत, पाकू आहेत. आणि पाकू म्हणजे आपल्या मासळी बाजारात मिळतो तो रूपचंद. खरंच. एखाद्या रविवारी तुमच्या घरी त्याचं कालवण झालंही असेल.

लहानपणी पाकूचं पोट लाल असतं आणि अंगलट अगदी पिरानासारखी, त्यामुळं 'पिराना' म्हणून खपतो. दात बघितले की कळतं. पिरानाचा खालचा जबडा बुलडॉगसारखा पुढं आलेला आणि दात त्रिकोणी, धारदार. पाकूचे दात चौकोनी, आपल्या दाढांसारखे, बघून जरा विचित्रच वाटतं. अमेझॉनच्या खोऱ्यात पुराचं पाणी जंगलात शिरलं की झाडावरनं पडणारी फळं आणि कडक बिया फोडून खायला ते दात. तुम्ही मटार, काकडी, केळ्याचा तुकडा टाकून बघा, पोरं खूश होतील. धाकटीला मात्र हात घालू देऊ नका, बोट म्हणजे खाणं समजून चिमटा काढू शकतो, आणि बिया फोडणारा चिमटा आहे तो.

गोल्डफिशला काय करतील? आज काही नाही, मोठे झाल्यावर पंख कुरतडतील, पुढं एखादा गिळतीलही. त्यातनं गोल्डफिशला गार पाणी आवडतं आणि पाकूला उबदार, म्हणजे एका टाकीत दोघांपैकी एकाची गैरसोय ठरलेली. पण खरी अडचण वेगळी आहे. रूपचंद दोन फुटांच्या पुढं वाढतो आणि तुमच्याकडं चार आहेत. चार मोठ्या पाकूंना टाकी नव्हे, हौद लागतो. मुलाला आत्ताच सांगून ठेवा की वर्षभरात हे द्यावे लागणार, एकदम सांगितलं तर रडेल. एखाद्या शेततळेवाल्याला बोलून ठेवा, पण तळं बंदिस्त पाहिजे, ओढ्याला जोडलेलं नको. पप्पांना काही बोलू नका, त्यांना फसवलंय, त्यांनी हौसेनं आणले.

प्रश्न: माझ्याकडं 6 बाय 2 बाय 2 टाकीत सिल्व्हर अरोवाना आहे, 14 इंच. खालचा मजला रिकामा वाटतो म्हणून रेड टेल कॅटफिशचं पिल्लू बघून आलोय, तीन इंचाचं आहे, मिशा पांढऱ्या, शेपूट लालबुंद, नाद खुळा दिसतंय. अरोवाना वर राहतो, कॅटफिश खाली, म्हणजे भांडण व्हायचा प्रश्नच नाही ना? — कागल

उत्तर: विचार बरोबर केलाय, मासा चुकीचा निवडलाय. वरचा, मधला आणि खालचा मजला वेगवेगळ्या माशांना वाटून देणं ही मोठ्या टाकीतली सगळ्यात चांगली युक्ती. अरोवानाचं तोंडच वरच्या बाजूला उघडतं, पाण्यावरच्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपणारा मासा तो, खाली काय चाललंय याच्याशी त्याला विशेष देणंघेणं नाही.

पण रेड टेलला आहे. आज तीन इंच आहे म्हणून अरोवानानंच त्याला उचलला तर एक वेळ मी समजू शकतो. नाही उचलला तर वर्षभरात ते पिल्लू दोन फुटाकडं जाईल, पुढं चार फुटाला, आणि या माशाला स्वतःच्या मापाचा अंदाज नसतो, जवळजवळ स्वतःएवढा मासा गिळायला जातो. तो फिरतो रात्री, आणि रात्री तुमचा अरोवाना वर निवांत तरंगत असतो. तळमजल्याचा भाडेकरू रात्री वरच्या मजल्यावर येणार, हे दुकानात कुणी सांगत नाही. मी स्वतः एकदा घेता घेता राहिलोय, त्या दिवशी खिशात पैसे कमी होते म्हणून वाचलो, अक्कल होती म्हणून नाही.

खाली पाहिजेच तर बिचिर बघा, आठ-दहा इंचाचा, म्हणजे अरोवानाच्या तोंडात मावणार नाही असा. डायनासोरसारखा दिसतो, अंगावर कडक खवले, नजर कमजोर, वासावर जेवण शोधतो. त्याच्यासाठी बुडणारं खाणं लाईट बंद केल्यावर टाका, नाहीतर वरचेच सगळं संपवतात आणि हा उपाशी राहतो. मधल्या मजल्याला टिनफॉईल बार्बचा घोळका चालेल, पण तेही फूटभर होतात, मोठेच आणा. दुसरा अरोवाना मात्र आणू नका. आणि सहा फुटी टाकी आत्ता ठीक आहे, पण अरोवाना तीन फुटाकडं जाणारा मासा, दोन फूट रुंदीत त्याला वळता येणार नाही. रुंदीचा विचार आत्तापासनं करा, लांबीचा नंतर.

कुणी 'रेड' किंवा 'गोल्डन' अरोवाना स्वस्तात देतो म्हणालं तर लांब राहा. तो एशियन अरोवाना, सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, कागदपत्रांशिवाय घेणं म्हणजे गुन्हा विकत घेणं.

प्रश्न: ग्रीन टेरर (6 इंच) एकटाच होता म्हणून तेवढ्याच मापाचा जॅक डेम्पसी आणला. तोलामोलाचाच आणला तरी पहिल्या रात्रीच ग्रीन टेररनं त्याची शेपूट फाडली. चूक कुठं झाली? — उचगाव

उत्तर: माप बरोबर होतं, सोडायची पद्धत चुकली. ग्रीन टेररनं अख्खी टाकी आपल्या नावावर करून ठेवलीय, कुठल्या दगडाखाली झोपायचं, कुठला कोपरा कुणाचा, सगळं ठरलेलं. त्यात तुम्ही पिशवी कापून एक अनोळखी आत सोडला. आपल्या गल्लीत दुसऱ्या तालमीचा पोरगा येऊन कट्ट्यावर बसला तर काय होतं?

आता डेम्पसीला बाहेर काढून वेगळ्या टबात ठेवा, स्पंज फिल्टर लावून, शेपूट भरून यायला वेळ द्या. खरं तर कुठलाही नवीन मासा आधी दोन-तीन आठवडे असा बाहेरच ठेवायचा असतो, रोग असेल तर तिथंच कळतो. मग सोडायच्या दिवशी टाकीतले सगळे दगड, लाकडं, कुंड्या उचलून जागा बदला. जुन्याचा सातबाराच कोरा करायचा. आधी पोटभर खायला घाला, लाईट बंद करा, आणि मग नवीन मासा सोडा. जमलं तर एकाऐवजी दोन-तीन एकदम, म्हणजे दादागिरी वाटून जाते. तरी पाठलाग चालूच राहिला तर पांढरी प्लास्टिकची जाळी मधे उभी करून आठवडाभर नुसती तोंडओळख होऊ द्या.

एवढं करूनही काही ग्रीन टेरर ऐकत नाहीत. जातीचा स्वभाव आपण सांगू शकतो, तुमच्या टाकीतल्या त्या एका माशाचा नाही. म्हणून रिकामा टब कायम तयार पाहिजे. ज्याच्याकडं तो नाही त्यानं दोन डोकेफिरू मासे एकत्र ठेवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. डेम्पसीचं नाव एका बॉक्सरवरनं पडलंय, बरा झाला की तोही हात दाखवेल.

प्रश्न: मोठ्या माशांना जिवंत गोल्डफिश, गप्पी घातले तर त्यांची शिकारीची हौस भागेल आणि सोबत्यांना सोडतील, असं एकानं सांगितलं. खरं का? मटणाचे तुकडे चालतात का? — फुलेवाडी

उत्तर: उलटं होतं. रोज पळणारा मासा खायची सवय लागली की शेजारी पळणाराही खाणंच दिसतं, निदान माझ्या टाक्यांत तरी असंच झालंय. शिवाय स्वस्तातल्या फीडर माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणि जंत घरात येतात, आणि गोल्डफिशमधे थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी1 जीवनसत्त्व मोडतं, नुसतं तेच खाणारा मासा हळूहळू आजारी पडतो. चांगल्या पेलेट्सवर (दाणेदार तयार खाण्यावर) आणा, अधनंमधनं कोळंबी.

मटण नको. आपल्याला तांबडा-पांढरा लागतो म्हणून माशालाही लागतो असं नाही, ती चरबी त्याला पचत नाही.

प्रश्न: माझा अॅलिगेटर गार दोन फुटाचा झाला, बरोबरचे सगळे संपवले. घरातले ओरडतायत. रंकाळ्यात सोडला तर जगेल का? — शाहूपुरी

उत्तर: जगेल, म्हणूनच सोडायचा नाही. उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातला मासा, सहा फुटाच्या पुढं वाढतो, पाण्यात प्राणवायू कमी असला तर वर येऊन हवा घेतो, म्हणजे उन्हाळ्यातल्या रंकाळ्यालाही पुरून उरेल. 2023 मधे श्रीनगरच्या दल लेकमधे असाच एक सापडला होता, तो काय पोहत गेला नव्हता अमेरिकेतनं. आपल्याकडं बाहेरनं आलेल्या चिलापीनं (तिलापिया) काय करून ठेवलंय ते पंचगंगेवर गळ टाकणाऱ्या कुणालाही विचारा, दहा मासे लागले तर त्यात आपले किती असतात ते. ज्या दुकानातनं घेतला तिथं फुकट परत द्या, नाही घेतला तर मोठ्या टाकीवाल्या हौशी लोकांत विचारा, मलाही कळवा, मी चार फोन करतो. तुम्ही शाहूपुरीत राहता, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते मी सांगायला नको. टाकी तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधीच त्याची सोय लावा, नाहीतर तुम्ही सोडायच्या आधी पंचगंगाच घेऊन जाईल.

प्रश्न: ओढ्यात मरळीचं पिल्लू सापडलं, बोटाएवढं. बादलीत ठेवलंय. पाळू का, आणि बरोबर काय ठेवू? — राधानगरी

उत्तर: पाळायचंच असेल तर एकटं पाळा. बोटाएवढी मरळ हाताएवढी व्हायला वेळ लागत नाही आणि तिच्या तोंडाबद्दल वर ऑस्करचं लिहिलंय ते दुप्पट करून वाचा. माझं विचाराल तर पाऊस आहे तोवर त्याच ओढ्यात, त्याच जागी परत सोडा. ही आपलीच आहे, तिथलीच आहे, हिला सोडायला हरकत नाही. ठेवलीच तर टाकी गळ्यापर्यंत भरू नका, मरळ वर येऊन हवा घेते, चार बोटं जागा मोकळी पाहिजे. आणि झाकण लावा. बादलीवर आत्ता काय आहे? काही नसेल तर हे वाचायचं थांबवून आधी ताट ठेवा, ताटावर वीट ठेवा. नुसतं ताट उडवते ती.